साईट तेरा दिवस बंद राहील

"काल तुम्ही आला नाहीत," बिदरकर काका जिन्यात उभे राहून म्हणाले.

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या त्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायला येऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मालक खाली, मी वर. जेवायला बोलावलं होतं आणि आपण विसरलो की काय, म्हणून मी घाबरलो.

"कुठं यायचं होतं, काका?"

"साईटवर."

मला वाटलं, यांचं शहराबाहेर कुठं बांधकाम चालू असेल. म्हटलं, "रविवारी येतो." ते खूश झाले. "या. पण दुपारी एक ते चार नक्को. त्या वेळात विश्रांती असते."

रविवारी सकाळी मी बूट घालून, उन्हाची टोपी घेऊन खाली उतरलो. काकांनी बूट दाराशी काढायला लावले, मला बैठकीत नेलं आणि एका कंप्युटरसमोर बसवलं. मग दोन पावलं मागं सरून उभे राहिले. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्याकडं यजमान पाहतो तसे ते माझ्याकडं पाहत होते. टोपी माझ्या मांडीवरच राहिली.

पडद्यावर बराच वेळ काही नव्हतं. मग अगदी वरच्या कडेला एक सरळ काळी रेघ उमटली.

"ही काय आहे?"

"शिरोरेषा," काका म्हणाले. "अक्षरं येतील. तसल्लीनं बघा."

अक्षरं आली. शिरोरेषेखाली हळूहळू लोंबत उतरावीत तशी. पाच-सहा मिनिटांनी पूर्ण ओळ झाली: 'मुकुंदराव बिदरकर यांच्या घरी आपले स्वागत आहे.' त्याखाली त्यांचा पत्ता, उंची, रक्तगट, अफझलगंजहून कुठली बस धरायची याचा नकाशा आणि सगळ्यात शेवटी एक सूचना: 'दार वाजवू नये. बेल आहे.'

तो काळच तसा होता. हैदराबादेत भिंतीभिंतीवर कंप्युटरच्या क्लासच्या जाहिराती चिकटलेल्या असत, आणि माझ्यासारखी पोरं पुण्याहून बॅगा घेऊन नोकऱ्यांसाठी तिथं उतरत होती. पण काका त्या गर्दीतले नव्हते. ते पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. पस्तीस वर्षं त्यांनी धरणं आणि कालवे काढले. "काढले" म्हणजे कागदावर. मग ऑफिसात कंप्युटर आले, नकाशाची मोठी तिरकी टेबलं एका सकाळी गोदामात गेली आणि काकांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. वर्षभर ते कंप्युटरचं नाव काढू देत नव्हते. आणि मग एक दिवस स्वतःच एक घेऊन आले.

"का हो?" मी एकदा विचारलं.

"ज्यानं माझं टेबल घेतलं, तो डोळ्यासमोर असलेला बरा," ते म्हणाले. "परवाची गोष्ट आहे."

त्यांच्या 'परवा'ची सवय व्हायला मला वेळ लागला. हैदराबादेत परवा म्हणजे मागं कधीही. परवा कंप्युटर आणला, परवा नोकरीला लागलो, परवा वडील गेले. कालच्या आधीचे सगळे दिवस त्यांच्याकडं एकाच ढिगात असत.

साईटचं प्रत्येक पान ते हातानं लिहीत. आधी त्यांनी टाईप करून पाहिलं होतं, पण दुसऱ्याच्या कंप्युटरवर तो मराठी फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात, हे त्यांना कळलं आणि ते आठवडाभर अस्वस्थ होते. "माझ्या 'ळ'च्या जागी चौकोन? मी कुणाला तोंड कसं दाखवू?" मग त्यांनी ट्रेसिंगचा कागद काढला, जुने पेन धुतले, शाई भरली. पान लिहायचं, चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून आणायचं, आणि त्याचं चित्र साईटवर लावायचं. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. फक्त ते यायला तेवढा वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ कुणाला नव्हता.

"काका, चित्रातली अक्षरं शोधयंत्राला वाचता येत नाहीत," मी त्यांना सांगितलं. "तुमची साईट शोधून कुणाला सापडणार नाही."

त्यांनी विचार केला. "सापडायला ती हरवली आहे का? ज्याला यायचंय त्याला पत्ता देऊ."

आणि ते खरोखर पत्ता देत हिंडले. सुवाच्य अक्षरातल्या चिठ्ठ्या त्यांच्या खिशात कायम असायच्या. भाजीवालीला दिली, बस कंडक्टरला दिली, दात काढायला गेले तेव्हा तोंडात कापसाचा बोळा असताना डॉक्टरांना दिली. भाजीवालीनं ती विभूतीच्या पुडीसारखी कपाळाला लावून कनवटीला ठेवली.

साईट म्हणजे घर, या एका गोष्टीत त्यांनी कधी तडजोड केली नाही. सकाळी आंघोळीआधी तिथं जायचं नाही. दिवाळीआधी आठ दिवस सगळ्या पानांचा मागचा रंग बदलायचा, कारण रंगरंगोटी नको का. संक्रांतीला तिळगुळाच्या वाटीचं चित्र, खाली 'एकाने एकच घ्यावा'. दुपारच्या विश्रांतीची पाटी लावली तेव्हा मी म्हटलं, "काका, तुमची दुपार म्हणजे अमेरिकेत रात्र. तिकडच्या माणसानं काय करायचं?"

"तो झोपलेलाच असेल की," काका म्हणाले. "त्याची सोयच झाली."

पहिलीनंतर त्यांनी एकेक करत आणखी साईट काढल्या. एक शहरातल्या बंद पडलेल्या घड्याळांची होती. कुठलं घड्याळ किती वाजता थांबलं, हे प्रत्येक घड्याळासमोर उभं राहून काढलेल्या चित्रासकट. एक चिंचेच्या झाडांची. उन्हाळा लागला की चिंचेला कोवळी पालवी येते, तिला तिकडं चिगुर म्हणतात आणि डाळीत घालतात. कुठल्या गल्लीतल्या झाडाला आधी येते याचा तक्ता त्यांनी सलग चार वर्षं ठेवला. पेन्सिलीला टोक कसं काढावं यावर एक अख्खी साईट होती, नऊ आकृत्यांची. ती बघून आल्यावर मी माझ्या पेन्सिली लपवून ठेवल्या होत्या.

प्रत्येक साईटवर पाहुण्यांसाठी एक वही असायची. आलेल्यानं दोन शब्द लिहून जावेत अशी सोय. चार-पाच वर्षांत सगळ्या वह्यांत मिळून सात नोंदी झाल्या. त्यातल्या चार माझ्या, त्याही काका मागं उभे असताना लिहिलेल्या. एक दातांच्या डॉक्टरांची. उरलेल्या दोन परदेशातल्या कुणा वजन कमी करून देणाऱ्याच्या. ती जाहिरात होती. असल्या जाहिराती यंत्रं आपोआप टाकत फिरतात हे मला माहीत होतं, पण मी सांगायच्या आत काकांनी त्याला इंग्रजीत उत्तर धाडलं होतं: 'माझी प्रकृती उत्तम आहे, वजनही बेताचं आहे. आपली प्रकृती कशी आहे?'

पुढच्या आठवड्यात त्याचं पुन्हा पत्र आलं.

"चिकाटीचा माणूस आहे," काका म्हणाले. "आपली चौकशी करणारा असा आजकाल मिळत नाही."

नंतर मला सांगवलंच नाही.

त्या घरात आणखी एक माणूस होतं. आक्का, काकांची मोठी बहीण, त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. ऐन विशीत विधवा होऊन माहेरी परतल्या त्या कायमच्या. आई लवकर गेलेली, तेव्हा काकांना त्यांनीच वाढवलं. काकांचं लग्न झालं नाही. "आधी आक्काचं काही बघू, म्हणता म्हणता माझं राहिलं," एवढंच ते म्हणत, तेही बस चुकल्याच्या सुरात.

आक्का ठेंगण्या, काटक आणि आवाजानं मोठ्या. साईटला त्या 'दुकान' म्हणत. संध्याकाळी काका कंप्युटर बंद करून उठले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा.

"मुकुंदा, आलं का रे कुणी?"

"आज नाही."

"हौला आहेस," आक्का म्हणत. म्हणजे वेडगळ. पण हे म्हणताना त्या चहा टाकत असत.

एकदा काका म्हणाले होते, "एक जण आला होता. थांबला नाही."

त्या दिवशी चहाबरोबर शंकरपाळे होते.

रविवारी मला त्यांच्याकडं जेवण असे. मी घरभाडं देणारा, पण आक्कांनी ते कधी मनावर घेतलं नाही. "पुण्याचं पोर आहे, एकटं खातंय कते," असं म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांनी मला जिन्यावरून हाक मारली. कते म्हणजे म्हणे. आपण बोलायचं आणि ते जगावर ढकलायचं, यासाठी हैदराबादनं मराठीला दिलेला तो फार सोयीचा शब्द आहे.

आक्का गेल्या त्या सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. त्या ओट्याशी अंबाडी निवडत बसल्या होत्या. काकांनी मला हाक मारली, ती मोठ्यानं नव्हती, म्हणून मी तसाच दोन पायऱ्या उतरलो आणि मग थांबलो. डॉक्टर येईपर्यंत काका अंबाडीची जुडी हातात घेऊन उभे होते. कुठं ठेवावी ते त्यांना सुचत नव्हतं. मी ती त्यांच्या हातातून घेतली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. डोक्यावरचे केस गेलेले, अंगावर पंचा. एक कागद माझ्या हातात दिला.

"पुणेकर, एवढी पाटी लावायची आहे. मला सुतकात कंप्युटरला हात लावता येत नाही."

कागदावर लिहिलं होतं: 'घरात दुःखद घटना घडल्याने साईट तेरा दिवस बंद राहील. येणाऱ्यांची गैरसोय होईल, क्षमस्व.' या खेपेला अक्षर सरळ नव्हतं.

मी म्हणणार होतो की काका, कोण येतं तिथं. म्हटलं नाही. बाकीची पानं काढून ठेवली आणि ते एकच पान लावलं. तेरा दिवस त्या पत्त्यावर दुसरं काही दिसत नव्हतं. कुणी आलं नाही. त्या दिवसांत वजन कमी करणाऱ्याचं एक पत्र मात्र आलं.

चौदाव्या दिवशी काकांनी ते वाचलं. "यांना कळवायला हवं," ते म्हणाले. "नेहमीची चौकशी करतात." ते सांगत गेले आणि मी इंग्रजीत टाईप करत गेलो: माझी बहीण वारली, तिनं मला वाढवलं होतं, त्यामुळं आपल्या मागच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला.

"पाठवू?" मी विचारलं.

"पाठवा."

मी पाठवलं. मी शपथेवर सांगतो, पाठवताना मला वाटलं की उत्तर यावं. आलं, पण ते वजनाचंच.

त्यानंतर काका जिन्यात भेटले तरी 'काल आला नाहीत' म्हणत नसत. नुसते हसत आणि आत जात. घड्याळांच्या साईटवर एका घड्याळाची जागा रिकामी होती, ती रिकामीच राहिली. त्या वर्षी चिगुर कधी आला याची नोंद झाली नाही. दिवाळीला रंग बदलला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "यंदा सण नाही."

वर्ष होत आलं तेव्हा त्यांनी पुन्हा पेन धुतले. नवी साईट निघाली. तिला नावही साधं होतं: 'आक्काचे शब्द'.

इतक्या वर्षांत मी मनापासून, कुणी मागं उभं नसताना पाहिलेली त्यांची ती एकच साईट. आक्का बोलायच्या ते शब्द, एका पानावर एक. शब्दाखाली अर्थ, आणि अर्थाखाली त्या तो कधी म्हणायच्या ते. 'चारू. चिंचेचं पातळ सार. सर्दी झाली की.' 'टेकणे. बसणे. आलेला माणूस उभ्याउभ्या जाऊ नये म्हणून दोनदा म्हणायची.' 'कते. म्हणे. स्वतःचं मत सांगायचं असलं की.' एका पानावर नुसतं होतं: 'हौला. मी.'

वर्षभरात साठेक पानं झाली. कुणी येत नव्हतं, आणि आता काकांनाही त्याचं काही वाटत नसावं. खिशातल्या चिठ्ठ्या बंद झाल्या होत्या.

मग नोटीस आली. ज्या परदेशी कंपनीनं या साईटना फुकट जागा दिली होती, ती आपला हा उद्योग बंद करणार होती. महिनाअखेर सगळं पुसलं जाईल, ज्याला काही ठेवायचं असेल त्यानं उतरवून घ्यावं.

"घर खाली करा कते," काका मला म्हणाले.

मी दोन सुट्ट्या बसून सगळ्या साईट सीडीवर उतरवल्या. घड्याळं, चिंचा, पेन्सिलीची नऊ टोकं. "दुसरीकडं जागा मिळते, काका," मी सांगितलं. "तिथं हलवू."

"नक्को," ते म्हणाले. "या वयात कुठं सामान हलवता. आक्काची तेवढी पुरी करतो, म्हणजे झालं. अपुरं टाकून जाऊ नये."

त्यांनी ती पुरी केली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शेवटचं पान आम्ही दोघांनी लावलं, आणि पाच दिवसांनी तो पत्ता टाकला की 'असं काही अस्तित्वात नाही' एवढंच इंग्रजीत येऊ लागलं. काकांनी ते एकदा पाहिलं, वायर काढली आणि कंप्युटरवर आक्कांचं एक धुतलेलं नऊवारी पांघरलं. पुढं वर्षभरात माझी पुण्याला बदली झाली. त्यांनी परत साईट काढली नाही.

पण ते शेवटचं पान कसं झालं, ते सांगायला हवं.

त्या महिन्यात मी दहा दिवस ऑफिसच्या कामासाठी चेन्नईला गेलो होतो. परत आलो त्या दुपारी खोलीचं दार वाजलं. काका होते. गुडघ्यांमुळं ते कधी जिना चढत नसत. हातात ट्रेसिंगच्या कागदाची सुरळी होती, आणि धाप लागली होती.

"एक विचारायचं होतं," खुर्चीत बसत ते म्हणाले. "पण तुम्ही पुण्याची माणसं, मराठीचं काही विचारलं की शिकवायलाच बसता. म्हणून आधी सगळ्यांना विचारून आलो."

त्यांनी सुरळी उलगडली. पानावर चौकट आखलेली, खाली दोन ओळी लिहिलेल्या, आणि वर शब्दाची जागा कोरी.

"भाकरी झाल्या की परातीत थोडं पीठ उरतं," ते सांगू लागले. "त्याची आक्का शेवटी एक बारकी भाकरी थापायची. तळहाताएवढी. लहानपणी ती माझी असायची, दुसऱ्या कुणाला मिळायची नाही. तिला एक शब्द होता. तो डोक्यातून जाऊन राहिला बघा. मलकपेठेला चुलतभावाकडं गेलो, त्याला आठवेना. त्याच्या नातवंडांना विचारलं, ती म्हणाली, छोटी रोटी. अफझलगंजला वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे आहेत, त्यांना आता मीच आठवत नाही." ते थांबले. "मला भाकरी दिसते. तवा दिसतो. तिचा हातसुद्धा दिसतो. शब्द तेवढा ऐकू येत नाही."

मला तो शब्द माहीत होता. पुण्याला आमच्या घरी पोळ्या, त्यामुळं तिथं मी तो कधी ऐकला नव्हता. मला तो आक्कांनीच दिला होता.

"चानकी," मी म्हणालो.

काका माझ्याकडं पाहत राहिले.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"रविवारी मला वाढायच्या. 'ही चानकी, घरात जो लहान असेल त्याची,' असं म्हणून."

"रविवारी," काका म्हणाले. "मग मी कुठं असायचो?"

मला खोटं बोलता आलं असतं. सुचलं नाही.

"तुम्ही बैठकीत असायचात, काका. साईटवर. तुमचं जेवण मागाहून व्हायचं."

त्यांनी कागदाची कड बोटानं सपाट केली. ती आधीच सपाट होती.

"चांगलं केलं तिनं," मग ते म्हणाले. "तुम्ही लहानच होता." थोड्या वेळानं म्हणाले, "पुन्हा म्हणा."

"चानकी."

"तसं नाही. ती कशी म्हणायची?"

मी आठवून पाहिलं. आक्का 'चा' जरा लांबवायच्या आणि शेवटी आवाज खाली आणायच्या, बैठकीत ऐकू जाऊ नये तसा. मी तसं म्हटलं.

काकांनी डोळे मिटले होते.

"अजून एकदा," ते म्हणाले.

मी म्हटलं. मग आणखी एकदा. किती वेळा म्हटलं ते आता आठवत नाही. शेवटी ते "बास" म्हणाले, पण उठले नाहीत.